भोपाळला किती तासांत पोचलास?

सुट्टी संपून कॉलेज उघडलं की पार्किंगमध्ये दोन-चार नव्या गाड्या दिसतातच. आर-वन-फाइव्ह, आरसी, निन्जा. पुढे वाकलेल्या, मागची सीट उंच चढवलेल्या, उभ्या असल्या तरी पळतायत असं वाटणाऱ्या. त्यांच्याभोवती घोळका जमतो आणि एक प्रश्न हमखास येतो, "भोपाळला किती तासांत पोचलास?" कुणी सात म्हणतं, कुणी सहा. साडेचार म्हणणाऱ्याकडे सगळे वळून बघतात. मग दुसरा प्रश्न, "टॉप किती मारली?" वाटेत कुठे थांबलास, काय पाहिलंस, कुणाशी बोललास, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर बाकीचे हसतील.

माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न आपण सोडून द्यायला हवेत. स्पोर्ट्स बाइकवर लांबचा प्रवास करायला माझा अजिबात विरोध नाही. उलट, वयाच्या विशीत करण्यासारख्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांत हिला मी वरचं स्थान देईन. तक्रार आहे ती या प्रवासाची गोष्ट सांगण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल. आपण तास आणि टॉप स्पीड मोजतो, त्याचंच कौतुक करतो आणि मग पुढचा मुलगा तोच आकडा डोक्यात घेऊन निघतो. हे साहित्य मंडळाचं मासिक आहे, इथे बाइकचं काय, असं कुणाला वाटेल. पण गोष्ट कशी सांगायची हा प्रश्न साहित्याचाच आहे, आणि इथे त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

आधी भोपाळच का, ते सांगतो. नागपूरहून भोपाळ साधारण साडेतीनशे किलोमीटर. सावनेर मागे पडलं की पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, नर्मदापुरम म्हणजे जुनं होशंगाबाद, मग नर्मदेचा पूल, बुधनीचा घाट, ओबेदुल्लागंज, मंडीदीप आणि भोपाळ. पहाटे निघालं तर थांबत-थांबत दिवसाउजेडी पोचता येतं. म्हणून पहिल्या मोठ्या राइडसाठी नागपूरची पोरं हाच रस्ता निवडतात. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांची आत्या नाहीतर मामा तिथे असतात. त्यालाही कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी आपलं नागपूर होतं. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. सरकारी दप्तरं तिकडे गेली, त्यांच्यामागे नोकरदार कुटुंबंही गेली. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी ती घरं. तेव्हा आपल्यासाठी हा रस्ता नुसता हायवे नाही, नात्यातला रस्ता आहे.

आता गाडीबद्दल. जाणकार मंडळी म्हणतात, स्पोर्ट्स बाइक टूरिंगसाठी नाहीच, त्यासाठी क्रूझर घ्या नाहीतर अ‍ॅडव्हेंचर घ्या. त्यांचं अर्धं खरं आहे. या गाडीचं हँडल खाली आणि पाय ठेवायची जागा मागे असते. त्यामुळे अंगाचा भार मनगटांवर येतो. पन्नास किलोमीटरनंतर मनगटं बोलायला लागतात, दीडशेनंतर मान, आणि बैतूलच्या पुढे कंबर. टाकी लहान. सामान बांधायला जागा जवळजवळ नाहीच, टाकीवर एक बॅग आणि मागे एक. मागे बसणाऱ्याचे हाल तर विचारू नका. चेनला दर पाचेकशे किलोमीटरवर ल्यूब लागतं, म्हणजे जाऊन-येऊन करायचं तर मधे एकदा गुडघ्यावर बसून ते काम करावंच लागतं.

एक गोष्ट मात्र जाणकारही सहसा बोलत नाहीत. ही गाडी सावकाश चालवली की जास्त दुखते. वेग वाढला की समोरून येणारा वारा छातीला आधार देतो, मनगटांवरचा भार हलका होतो आणि बरं वाटायला लागतं. म्हणजे गाडीची बनावटच तुम्हाला पुढे ढकलते. "अजून थोडं ओढ, आराम पडेल," असं ती अक्षरशः अंगाला सांगते. हे ज्याला कळलं त्याला हेही कळेल की या गाडीवर टूर करताना वेग आवरणं हे खरं कसब आहे. अ‍ॅक्सिलरेटर पिळायला कसब लागत नाही. दर ऐंशी-शंभर किलोमीटरला उतरून हातपाय मोकळे करणं, पाणी पिणं, मान फिरवणं, हे ज्याला जमतं त्याची स्पोर्ट्स बाइक भोपाळच काय, लडाखपर्यंतही जाते.

इथे कुणीतरी बाजीरावाचं नाव काढणारच. आपल्याकडे बाइकच्या व्हिडिओंना घोडदौडीचं संगीत लावायची फॅशनच आहे. आणि भोपाळचा संदर्भ तर अगदी थेट आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळमध्येच कोंडलं आणि जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळच्या दोराह्याला तह झाला. पण त्या विजयातून घ्यायचं काय? निजामाकडे जड तोफखाना होता, मोठा लवाजमा होता. मराठी फौज सडी होती. कमी सामान, मुलखाची माहिती, आणि पाणी-चारा कुठे मिळेल याचा हिशेब, यातून तो वेग आला होता. घोड्याला विश्रांती द्यावी लागते हे त्या स्वारांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. घोडा थकला की सांगतो. गाडी सांगत नाही, आणि तिच्यावर बसलेला थकलेला माणूसही कबूल करत नाही. बाजीरावाचं नाव घ्यायचंच असेल तर सडेपणा घ्या.

आता थोडं गणित करू. ताशी ६० किलोमीटरने चालला आहात. समोर म्हैस आली. ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, रस्ता कोरडा आहे, टायर-ब्रेक चांगले आहेत, असं धरा. त्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते आणि थांबायला आणखी साधारण २३ मीटर, म्हणजे एकूण ४०. हाच वेग १२० केला तर पहिल्या सेकंदात ३३ मीटर आणि ब्रेकनंतर आणखी साधारण ९३. एकूण सव्वाशे मीटरच्या वर. वेग दुप्पट, पण थांबायचं अंतर तिपटीहून जास्त. म्हैस तर तिथेच उभी आहे. यातून मिळतं किती? सरासरी ६० ने भोपाळ पाच तास पन्नास मिनिटांवर आहे, सरासरी ७५ ने चार तास चाळीस. सत्तर मिनिटं. आणि गावं, गतिरोधक, टोलनाके, ट्रॅक्टर या सगळ्यातून सरासरी ७५ काढायची तर मोकळ्या पट्ट्यात सव्वाशेच्या आसपास पळवावीच लागते. ती सत्तर मिनिटं वाचवून आपण करतो काय, तर मोठ्या तलावाच्या काठी बसून रील एडिट करतो.

कायद्याचंही बघा. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी ८० आहे, आणि इतर रस्त्यांवर ६०. राज्यं ती आणखी कमी करू शकतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला प्रवेशच नाही, आपल्या समृद्धीवरही नाही. म्हणजे जी गाडी दीडशे-दोनशेच्या आकड्यावर विकली जाते, तिचा तो आकडा देशातल्या कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर वापरायची परवानगी नाही. तरी कट्ट्यावर आपण तोच आकडा एकमेकांना विचारतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७, म्हणजे जवळजवळ निम्मी. सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. हेल्मेट नव्हतं असे मृत्यू पन्नास हजारांच्या वर. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र तिसरा, १५,२२४, आणि मध्य प्रदेश लगेच त्याच्या खाली, १३,४२७. म्हणजे नागपूर ते भोपाळ हा प्रवास यादीतल्या तिसऱ्या राज्यातून चौथ्या राज्यात जाण्याचा आहे.

आकड्यांनी कुणी थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून एक नाव घेतो. जयपूरच्या वीनू पालीवाल. हार्ले-डेव्हिडसनवर देशभर फिरणाऱ्या, अनेक मुलींना बाइकवर बसायची हिंमत देणाऱ्या. ११ एप्रिल २०१६ रोजी देशाच्या सफरीवर असताना, भोपाळकडे येताना विदिशा जिल्ह्यात ग्यारसपूरजवळ अपघात झाला आणि त्या गेल्या. त्यांची गाडी स्पोर्ट्स बाइक नव्हती, आणि त्या नवशिक्या तर मुळीच नव्हत्या. तो अपघात का झाला याची चिरफाड मी करणार नाही, तो अधिकार माझा नाही. सांगायचं एवढंच की अनुभव असलेल्या, सगळं साहित्य अंगावर घातलेल्या माणसालाही हा रस्ता सोडत नाही. आपण तर सहा महिन्यांपूर्वी लायसन्स काढलेले.

यावर घरचे म्हणतील, "तेच तर सांगतोय, विकून टाक ती गाडी!" मला हे पटत नाही. आई-बाबांची भीती खरी आहे, पण गाडी विकून आपण शिकतो काय? पोरगा मित्राची गाडी घेऊन जाईल आणि घरी सांगणार नाही, एवढंच होईल. मुलींच्या बाबतीत तर हा सल्ला जास्तच महागात पडतो. स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या नकाशाने दुसऱ्या राज्यात जाऊन आलेली मुलगी परत येते तेव्हा घरातल्या बोलण्यात तिचं वजन वाढलेलं असतं. ते कुणी हिरावून घेऊ नये.

"पण यार, वेगातच तर मजा आहे," हे दुसरं म्हणणं. मजा आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याची जागा वेगळी आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी आहे. तिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही, वळणावर वाळू नसते आणि रुग्णवाहिका उभी असते. मध्य प्रदेशातच, इंदूरजवळ पिथमपूरला, गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक बांधलाय, २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आपला टॉप स्पीड अशा बंदिस्त जागी तपासतात. आपण मात्र तो मुलताईच्या बाजाराबाहेर तपासतो, जिथे शाळा सुटलेली असते.

आता साहित्याकडे येतो. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले, सोबत चुलते. दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे जायचं होतं आणि सापडले बंडाच्या धामधुमीत. त्या प्रवासावरचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं आणि अजून वाचलं जातं. रोज किती कोस चाललो यासाठी ते कुणी वाचत नाही. झाशीत अडकलेल्या एका साध्या भिक्षुकाने डोळे उघडे ठेवून काय पाहिलं, यासाठी वाचतात. दुसरं उदाहरण खास बाइकवाल्यांचं. चे गेव्हाराचं पोस्टर आपल्या कितीतरी जणांच्या खोलीत आहे. १९५२ मध्ये तो आणि त्याचा मित्र अल्बर्तो ग्रानादो एका जुन्या नॉर्टन मोटारसायकलवरून निघाले. ती गाडी चिलीतच कायमची बंद पडली. पुढचा प्रवास ट्रकवर, बोटीवर, पायी. तांब्याच्या खाणीतले मजूर आणि पेरूमधली कुष्ठरोग्यांची वसाहत त्यांना त्यानंतरच दिसली. मोटारसायकलचं म्हणून जगभर गाजलेल्या त्या प्रवासाचा महत्त्वाचा भाग मोटारसायकल गेल्यानंतरचा आहे.

आणि आपल्या याच भोपाळच्या वाटेवर भीमबेटका आहे, बुधनीचा घाट चढून ओबेदुल्लागंजच्या अलीकडे. १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने जात होते. खिडकीतून त्यांना दूरवर खडक दिसले, ते वेगळे वाटले, आणि ते बघायला गेले. त्यातून हजारो वर्षांपूर्वीची चित्रं असलेल्या गुहा जगापुढे आल्या. या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत, २००३ पासून जागतिक वारसा आहे. नीमचला जन्मलेला एक मराठी माणूस, जो खिडकीबाहेर बघत होता. त्याच रस्त्याने आज आपण ताशी १३० ने जातो तेव्हा दृष्टी पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यावर खिळलेली असते. ती तशीच असायला हवी, त्या वेगात दुसरीकडे बघणं म्हणजे मरण. पण मग खडक कोण बघणार? त्या भिंतींवर घोडेस्वारांचीही चित्रं आहेत. बाइकवाल्या पोरांना ती दाखवावीत असं फार वाटतं, पण बहुतेकांना तिकडे वळायचा फाटा केव्हा गेला तेच कळत नाही.

एक शेवटचा मुद्दा, जो या कॉलेजमध्ये बोलायलाच हवा. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट आपण चॅपेलमध्ये कितीदा ऐकली. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, आणि थांबला तो शोमरोनी. आपल्या कायद्यातही आता ही गोष्ट आलीये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-ए अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि त्याला ‘गुड समॅरिटन’ असंच म्हणतं. पोलिसांच्या लचांडात अडकू, ही सबब उरलेली नाही. १०८ वर रुग्णवाहिका आहे, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. पण या गोष्टीतलं मला लागलेलं वेगळंच काही आहे. याजक आणि लेवी यांना तो माणूस दिसला तरी होता. आपल्या वेगात तो दिसतही नाही. साडेचार तासांत भोपाळ गाठायचं ठरवून निघालेल्याला रस्त्याकडेला पडलेली मोपेड आणि तिच्याशेजारी बसलेला म्हातारा दिसणं शक्यच नसतं. दिसला तरी थांबायला वेळ नसतो, कारण ग्रुप पुढे गेलेला असतो. वेगाचा हिशेब फक्त आपल्या हाडांचा नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आपण उपलब्ध आहोत का, याचाही आहे.

मग करायचं काय? ग्रुपने जाणाऱ्यांनी एवढं ठरवावं. सगळ्यात सावकाश चालवणारा लीडरच्या लगेच मागे असेल आणि वेग त्याचा असेल. थांबे आधी ठरतील आणि ते चुकवायचे नाहीत. बुधनीचा घाट आणि रातापानीचं जंगल अंधार पडायच्या आत पार करायचं. २०२४ अखेरीपासून ते व्याघ्र प्रकल्प आहे, रस्ता जनावरांचाही आहे. हेल्मेटवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघूनच घ्यायचं, फुटपाथवरचं दोनशे रुपयांचं नाही. आणि स्पीडोमीटरचा व्हिडिओ कुणीही टाकायचा नाही. टाकलाच तर त्याला लाइक द्यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात अवघड. साडेचार तासवाल्याकडे आपण वळून बघतो म्हणून तर तो साडेचार तासांत जातो. त्याचा प्रेक्षक आपण आहोत.

मंडळाला एक सुचवतो. पुढच्या अंकापासून बाइकवरच्या प्रवासवर्णनांना दोन पानं द्या. अट एवढीच ठेवा की त्यात तास आणि वेग लिहायचे नाहीत. पांढुर्ण्याच्या चहावाल्याने कोणत्या मराठीत विचारपूस केली ते लिहा. मुलताईला तापी जिथून निघते त्या कुंडावर काय दिसलं ते लिहा. नर्मदेच्या पुलावर हेल्मेट काढून उभे राहिलात तेव्हा कसं वाटलं, भोपाळच्या आत्याने काय खाऊ घातलं आणि निघताना ती काय म्हणाली, ते लिहा. ज्याच्याकडे यातलं काहीच लिहायला नसेल, त्याने पुढच्या सुट्टीत त्याच रस्त्याने पुन्हा एकदा जावं. गाडी तीच चालेल.